टेकडी, पापड्या आणि शून्य सावली : मे महिन्यातल्या एका आठवड्याच्या प्रकल्प नोंदी (पुणे)

रविवार, ७ मे : तयारी

मुलगी नऊ वर्षांची, सोबत एक मोठं माणूस, घरी आजी. मुक्काम कोथरूड. रोज तीन कामं ठरवली : सकाळी एक फेरी, दिवसभरात स्वयंपाकघरातलं एक काम आणि भर दुपारी गच्चीवर सावलीचं माप.

सावली कशाला, तर १३ मे हा पुण्यातला शून्य सावलीचा दिवस. दुपारी १२.३१ ला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. वर्षातून असं दोनदा होतं, पण दुसरी खेप जुलैअखेरीस, भरल्या आभाळात. म्हणून मेमधली संधी सोडायची नाही. इतर गावांनी आपापली तारीख धरावी : कोल्हापूरला ६-७ मे, मुंबईला १५ मे (१२.३५ ला), नाशिकला २०-२१ मे, नागपूरला २६ मे. जितकं उत्तरेला जावं तितकी तारीख पुढे जाते.

आणलेलं सामान : दोन मीटर जाड प्लास्टिक ९० रुपये, पक्ष्यांच्या पाण्यासाठी मातीचं परळ ५०, गवंड्याचा ओळंबा ११०. ओळंब्याऐवजी जाड दोऱ्याला लोखंडी नट बांधला तरी काम होतं, ते नंतर कळलं. घरातून घेतलं : मीटरभर काठी, वाळूची बादली, पट्टी, शंभर पानी वही. वहीत पाणी पडलं तरी अक्षर राहावं म्हणून पेन नाही, पेन्सिल.

परळ गच्चीच्या कठड्याशी सावलीत ठेवलं. पाणी चार बोटांच्या वर नको, मध्ये एक खडबडीत दगड हवा, नाहीतर छोटे पक्षी काठावरून घसरतात. पाणी रोज ओतून परळ घासायचं. तसंच राहू दिलं तर आठवड्या-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात.

सोमवार, ८ मे : वेताळ टेकडी, पन्हं

ठरलं होतं साडेपाच, घर सोडलं ६.५०ला. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे पक्ष्यांचा सगळ्यात बोलका पाऊण तास घरातच गेला. उशीर झाला तो पाण्याच्या बाटल्या, टोपी, बिस्किटं सकाळी शोधण्यात. आजपासून पिशवी रात्री भरून दाराला अडकवायची.

दुसरी चूक दुर्बिणीची. मोठ्या माणसाची दुर्बीण नऊ वर्षांच्या हाताला जड होते, हात हलतो, पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. वीस मिनिटं त्यात गेली. मग दुर्बीण पिशवीत टाकली आणि नुसते कान लावले. वहीचे दोन रकाने केले, ‘ऐकला’ आणि ‘पाहिला’. ऐकलेले सात : मोर, तित्तिर, कोकीळ, पावशा, तांबट, टिटवी, सातभाई. पाहिलेले चार : वेडा राघू, शिंजीर, टिटवी आणि पुन्हा सातभाई, कारण त्यांना लपणं माहीतच नाही. तांबटाला तांबट का म्हणतात हे सांगावं लागलं नाही. लांबून तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखं टुक-टुक-टुक चालू होतं, तिनेच विचारलं की इथे भांडी कोण बनवतंय. पावशाचं ‘पेरते व्हा’ मात्र एकदा सांगावं लागतं, मग दुसरं काही ऐकू येत नाही.

खाणीच्या पाण्यापाशी मोकळ्या माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की थांबायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं. मेमध्ये तिची अंडी उघड्या जमिनीवर खड्यांसारखीच पडलेली असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

कुसळं : अर्धी चड्डी आणि सुती मोजे असा वेष होता. वाळक्या गवताची कुसळं मोज्यांत शिरली, घरी ती उपटायला अर्धा तास. गुळगुळीत कापडाची पूर्ण पॅंट मोज्यांवरून घालावी, त्यावर कुसळ टिकत नाही.

पाणी दोघांत एक लिटर नेलं होतं, ८.१५लाच संपलं. दोघांना दोन लिटर धरा. परतलो ९.१०ला.

पन्हं : तीन कैऱ्या, ६०० ग्रॅम. देठ काढून त्या बाजूने पाण्यात अर्धा तास उलट्या ठेवल्या, चीक निघून जातो. हे केलं नाही तर मुलांच्या ओठांच्या कडा चरचरतात. कैऱ्या थेट कुकरच्या पाण्यात टाकल्या ही चूक. दोन फुटल्या, अर्धा गर पाण्यात गेला. ते पाणी फेकलं नाही, पन्हं पातळ करायला वापरलं. बरोबर रीत अशी : कैऱ्या कोरड्या भांड्यात, भांडं कुकरमध्ये, वर झाकण, तीन शिट्ट्या. गर दोन वाट्या निघाला. चिरलेला गूळ तीन वाट्या, मीठ पाऊण चमचा, वेलदोड्याची पूड पाव चमचा. गूळ गर कोमट असतानाच घालायचा, गार गरात खडे राहतात आणि मूल ढवळून कंटाळतं. पेल्याला तीन मोठे चमचे गर, बाकी पाणी. हा गर फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतो.

सावली : काठी वाळूच्या बादलीत रोवून १२.३१ ला मापली. साडेचार सेंटिमीटर, उत्तरेकडे. टोकाच्या सावलीची कड इतकी पुसट की पट्टी कुठे लावायची हाच प्रश्न.

मंगळवार, ९ मे : मंडई, आंबापोळीचा पहिला प्रयत्न

६.१० ला बाहेर. पिशवी रात्री भरण्याचा एवढा फरक.

महात्मा फुले मंडईचा अष्टकोनी मनोरा आधी बाहेरून पूर्ण फेरी मारून पाहायचा, मग आत. १८८६ मध्ये उघडली तेव्हा हिचं नाव रे मार्केट होतं, तेव्हाच्या गव्हर्नरचं. ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, पुढे त्यांचंच नाव तिला मिळालं. मुलीला यात सगळ्यात पटलेला भाग : खर्चाला विरोध.

तिच्या हातात दोनशे रुपये आणि यादी दिली : लिंबं, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, काकड्या. यादीच्या आधी वाटेत ताडगोळे आले, डझनाचे शंभर. घेतले. उरलेल्या शंभरात चारही वस्तू बसवायच्या म्हणजे मे महिन्यातली लिंबं नडतात. चार लिंबांऐवजी दोन, काकड्या अर्धा किलोऐवजी तीन नग. मध्ये बोललो नाही, आणि तेच बरोबर. एक मात्र आधी शिकवायला हवं होतं : भाव विचारताना पावाचा की किलोचा ते विचारायचं. मिरचीचा भाव तिने किलोचा समजून ‘एक किलो द्या’ म्हटलं. विक्रेत्या बाईंनीच हसून पाव किलो तोलली.

पायरी एक डझन ६०० रुपये. रसाला आणि पोळीला पायरीच. हापूस कापून खायचा.

आंबापोळी, आणि आठवड्यातली सगळ्यात महाग चूक. सहा आंब्यांचा रस ६५० मिली, तीन चमचे साखर, २८ सेंटिमीटरच्या ताटाला तूप लावून सगळा रस एकदम ओतला. हिशेब आधी केला नाही. एवढ्या ताटात एवढा रस म्हणजे एक सेंटिमीटर जाडी. परिणाम ११ मेच्या नोंदीत.

मुंग्या : ताट चौरंगावर आणि चौरंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. हे पहिल्याच दिवशी केलं म्हणून त्रास झाला नाही. मात्र पाणी उन्हात दुपारपर्यंत आटतं, वाट्या दोनदा भराव्या लागतात.

सावली : एक सेंटिमीटर. काल साडेचार, आज एक. एका दिवसात एवढी घट होत नाही, काहीतरी गंडलंय.

रात्री पाव किलो साबुदाणा धुऊन, वर बोटभर पाणी राहील असा भिजवला.

बुधवार, १० मे : बंद दार, पापड्या, आणि सावलीचा घोळ सुटला

सकाळी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जायचं होतं. ते बुधवारी बंद असतं. निघायच्या आधी सहज विचारलं म्हणून रिक्षाचे पैसे वाचले. सार्वजनिक जागांचे सुट्टीचे वार वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवावेत.

त्याऐवजी गल्लीतली झाडं. यात काही कमी पडलं नाही. वावळाच्या पापुद्र्यासारख्या चपट्या चकत्या पदपथावर ढिगाने पडलेल्या असतात. मधलं बी सोलून खाता येतं, चव कच्च्या शेंगदाण्याच्या जवळची. बहाव्याचं एक फूल सोलून मोजायला दिलं : पाकळ्या पाच, पुंकेसर दहा, त्यांतले तीन लांब आणि आकड्यासारखे वळलेले. मोजणी तिने चार फुलांवर पुन्हा केली, प्रत्येक वेळी तीनच लांब. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं आजी म्हणते. फुलोऱ्याची तारीख वहीत लिहिली आहे, पाऊस पडला की पडताळू.

पापड्या. पातेल्यात दीड लिटर पाणी उकळून त्यात भिजलेला साबुदाणा, दोन चमचे जिरं, चार मिरच्यांचं वाटण. मंद आंचेवर ढवळत वीस मिनिटं, दाण्यातला पांढरा ठिपका जाईपर्यंत. ठिपका राहिला तर तळल्यावर मध्ये दाताखाली खडा येतो. मीठ चवीला कमी वाटेल इतकंच, दीड चमचा. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं, म्हणून आत्ता बरोबर वाटलेलं मीठ वाळल्यावर खारट होतं. दाट किती? पळीतून सलग धार पडावी, पण प्लास्टिकवर पडल्यावर आपसूक पसरत जाऊ नये. मुलीने पोह्याच्या चमच्याने घातल्या, एका चमच्याची एक, तळहाताएवढी. ७२ झाल्या.

आता चुका. पातेलं पातळ बुडाचं घेतलं, खाली लागलं, खरपूस वास सगळ्या घाण्याला आला. घालायला सुरुवात ११ वाजता झाली. सकाळी साडेसातला पहिला चमचा पडायला हवा होता, म्हणजे पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. सव्वाचारला पश्चिमेकडून ढग आले. प्लास्टिक एकसंध दोन मीटरचं, ओल्या पापड्यांसकट दोघांनी उचलताना ते मध्ये खाली झुकलं आणि मधल्या अठरा पापड्या एकमेकींवर घसरल्या. त्यांचा गोळा झाला. तो रात्री परतून खाल्ला, चांगला लागला, पण पापड्या गेल्या त्या गेल्याच. पाऊस आला नाही, चार थेंब पडले. वळवाचं असंच असतं. प्लास्टिकचे एकेक हाताचे तुकडे करून प्रत्येक तुकडा जुन्या फळीवर किंवा मोठ्या ताटावर घालावा. आत-बाहेर करणं एका माणसाचं काम राहतं.

वर ओढणी टाकली होती, धूळ आणि कावळे दोन्हींसाठी. ओढणीच्या कडांना दगड ठेवले नाहीत तर ती उडून ओल्या पापड्यांना चिकटते.

सावली. घोळ दोन जागी होता. पहिला : गच्चीला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो. मीटरला एक सेंटिमीटर उतार धरला तरी त्यावर ठेवलेल्या बादलीतली काठी तेवढीच कलते, आणि या आठवड्यात जे मापायचं ते सगळं अडीच सेंटिमीटरच्या आतलं आहे. काठी एक अंश जरी कलली तरी पावणेदोन सेंटिमीटरची चूक. दोन दिवस बादली वेगवेगळ्या जागी होती, म्हणून दोन्ही मापं निकामी. दुसरा : सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. मीटरभर उंचीच्या बारीक टोकाची सावली जवळजवळ सेंटिमीटरभर धूसर होते.

नवी मांडणी, ज्यांना करायची त्यांनी हीच करावी : वीतभर लांब-रुंद पुठ्ठ्याला मध्ये दोन मिलिमीटरचं भोक. पुठ्ठा कठड्यावर असा ठेवायचा की भोक आतल्या बाजूला अधांतरी राहील, वर वीट. भोक ते जमीन बरोबर १०० सेंटिमीटर, कमी पडलं तर खाली लाकडी तुकडे. भोकातून ओळंबा सोडून तो जिथे टेकतो तिथे खडूने फुली, मग ओळंबा काढून घ्यायचा. आता पुठ्ठ्याच्या सावलीत एक सेंटिमीटरचा गोल, स्वच्छ कडांचा प्रकाशाचा ठिपका पडतो. जमिनीचा उतार यात फारसा आडवा येत नाही, कारण माप ओळंब्याच्या फुलीपासून घ्यायचं आहे, काठीच्या बुडापासून नाही.

घड्याळावरही विसंबू नये. ठिपका मिनिटाला चार मिलिमीटरहून किंचित जास्त पूर्वेकडे सरकतो, पाच मिनिटं चुकली की दोन सेंटिमीटर गेले. १२.२१ ते १२.४१ दर दोन मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खडूचा बारीक टिंब द्यायचा, टिंब जोडून रेघ मारायची आणि फुलीपासून रेघेपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर मोजायचं. आजचं माप १.७ सेंटिमीटर, रेघ फुलीच्या उत्तरेला. दोन तास गेले, पण आठवड्याचं पहिलं खरं माप हे.

चप्पल न घालता गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. आणि भोकातून वर डोळा लावून बघायचं नाही, हे रोज एकदा बजावायचं, काल सांगितलंय म्हणून सोडायचं नाही.

गुरुवार, ११ मे : केळकर संग्रहालय, आंबापोळी फेकली

ताटाजवळ गेल्याबरोबर आंबूस वास. वरची साय कोरडी, चिवट, बोट दाबल्यावर खालून बुडबुडे. वरचा थर आधी वाळला, त्याने झाकण घातलं, आत ओल कोंडली आणि रस आंबला. सहा आंबे, तीनशे रुपये, कचऱ्यात.

दुसरा प्रयत्न लगेच, उरलेल्या सहा आंब्यांचा. रस साखरेसह मंद आंचेवर दहा मिनिटं आटवला, ६५० चा ५५० मिली उरला. ताटाला एका वेळी एकच वाटी, १८० मिली, म्हणजे तीन मिलिमीटरचा थर. बाकीचा फ्रीजरमध्ये. एक थर पूर्ण वाळून बोटाला चिकटेनासा झाल्यावरच दुसरा. आटवल्याने रंग थोडा गडद होतो, ताज्या रसाचा वासही कमी होतो. आजीला हे मान्य नाही, तिच्या मते कच्च्याच रसाची खरी. तिच्या माहेरी कोकणातलं अंगण होतं, इथे चार वाजता ढग येतात.

सकाळचं ऊन आजपासून जास्तच, म्हणून टेकडी रद्द. राजा दिनकर केळकर संग्रहालय उघडल्या उघडल्या गाठलं. मुलांना घेऊन सगळी दालनं पाहायला जाऊ नये, तिसऱ्या दालनात पाय दुखायला लागतात. एकच काम दिलं : स्वयंपाकघरातल्या अशा पाच वस्तू शोध, ज्या आपल्या घरी अजून आहेत, आणि त्यांचं चित्र काढ. अडकित्त्यांपाशी अर्धा तास गेला. घरी अडकित्ता एकच आणि साधा, तिथे पक्षी, घोडे, माणसं. हे सगळं एका माणसाने गेलेल्या मुलाच्या आठवणीत जमवलं, त्या मुलाचं नाव राजा, हे दारातच सांगितलं होतं. नंतर दर दालनात ‘हेपण त्याच्यासाठीच?’ असा प्रश्न. पाय ओढत चालणारं मूल त्या प्रश्नाने पुढे सरकतं.

१२ ला घरी. माप १.२ सेंटिमीटर.

पापड्या उलटवल्या. कडा वर उचलल्या गेल्या की उलटवायच्या. घाई करून आधीच सोडवायला गेलं की तडकतात. अकरा अशा गेल्या. शिल्लक ४३.

शुक्रवार, १२ मे : सिंहगड

पहिली बस चुकली, दोष आपलाच. आतकरवाडीतून चढायला सुरुवात ७.१०. नऊ वर्षांच्या मुलाच्या पावलांनी पुणे दरवाजा दोन तास दहा मिनिटं. मोठ्यांचा वेळ दुप्पट धरा. वाटेत सावली तुकड्यातुकड्यानेच, नऊनंतर दगड तापतो. दर वीस मिनिटांनी थांबायचं आणि तहान लागण्याआधी पाणी पाजायचं. तीन लिटर नेलं, दोन वरपर्यंतच संपलं.

वर काय पाहिलं ते फार लिहीत नाही, गड सगळ्यांना माहीत आहे. तानाजीची समाधी, देवटाकं, कल्याण दरवाजा. १६७० चा फेब्रुवारी म्हणजे थंडीची रात्र, हे कड्यावर उभं राहून सांगावं. उन्हाने तापलेल्या दगडाला हात लावून ‘तेव्हा हा गार असणार’ एवढं तिने स्वतः काढलं. पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही, सगळं मिळून २६० रुपये. मडक्यातलं दही घट्ट का? माती त्यातलं पाणी शोषते म्हणून. मडकं घरी आणलं.

करवंदांचा द्रोण तीस रुपये. कोंबडा की कोंबडी हा खेळ शिकवायचा राहिला असेल तर हीच जागा : चावून आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. आधी पैज लावायची. द्रोण संपेपर्यंत एकवीस कोंबडे, चौदा कोंबड्या. चिकाने बोटं चिकटतात, पाण्याने जात नाही, तेलाच्या बोटाने जातो.

उतरताना खरी गंमत नाही. मुरुमावर पाय घसरतो, चढताना घसरत नाही. सपाट तळव्याचे शाळेचे बूट होते, तीनदा बसकण मारली. खाचा असलेला तळवा हवा, आणि उतरताना मोठ्याने पुढे, मुलाने मागे चालायचं. उतरायला सुरुवात ११ ला, पायथ्याला १२.४०.

म्हणजे १२.३१ चं माप हुकलं. वहीत आजच्या रकान्यात ‘गड’ एवढंच आहे. गड ८ तारखेला ठेवायला हवा होता, जेव्हा तसंही चुकीचं माप घेत होतो. टेकडी १२ ला.

आजीने आंबापोळीचा पहिला थर उन्हात ठेवून राखला. संध्याकाळी बोट कोरडं. पुढचा थर उद्या.

शनिवार, १३ मे : शून्य सावली, थालीपीठ

सकाळी बाहेर नाही. कालच्या चढाने पोटऱ्या धरल्यात, आणि आज गच्ची महत्त्वाची.

१२ वाजल्यापासून गच्चीवर मांडणी : स्टीलचा पेला उपडा, डबा, बाटली, आजीचा खलबत्ता. सपाट बुडाच्या सरळ वस्तू घ्याव्यात, वर रुंद होणारी भांडी नकोत, त्यांची सावली बुडाभोवती उरतेच. बाराला सगळ्यांच्या सावल्या पश्चिमेला होत्या, त्या आक्रसत आल्या आणि १२.३० ते १२.३२ मध्ये गायब. आजूबाजूची चार मुलं आली होती. स्वतःची सावली स्वतःच्या पायांत शोधणं हा सगळ्यात आवडलेला भाग. मात्र हे जेमतेम दोन-तीन मिनिटांचं काम आहे. सरबत आणायला खाली गेलेल्याचं हुकलं.

ठिपक्याचं माप ०.४ सेंटिमीटर, अजूनही उत्तरेला. शून्य नाही. ‘मग आज शून्य सावली नाहीच’ असं तिचं म्हणणं. याला उत्तर ठिपक्यातच आहे : ठिपका एक सेंटिमीटरचा, म्हणजे सूर्याची तबकडीच तेवढी, आणि फुली ठिपक्याच्या आत पडली आहे. पेल्याच्या सावलीला एवढा फरक कळत नाही, भोकाला कळतो.

रात्री थालीपीठ, पूर्ण तिच्या हातचं. भाजणी दोन वाट्या, बारीक चिरलेला मोठा कांदा एक, तीळ एक चमचा, तिखट एक चमचा, हळद, मीठ, मंडईतल्या कोथिंबिरीची उरलेली अर्धी जुडी. पाणी पाऊण वाटीला थोडं जास्त, मळून पंधरा मिनिटं झाकून. तव्यावर थेट थापणं नऊ वर्षांच्या हाताला नको. पोळपाटावर ओलं फडकं, त्यावर थापायचं, पाच भोकं पाडायची, फडक्यासकट उचलून गार तव्यावर पालथं, फडकं सोलून काढायचं, मग गॅस लावायचा. पहिलं फडक्याला चिकटून फाटलं, फडकं पुरेसं ओलं नव्हतं. पिळल्यावर थेंब गळायचा थांबेल इतकं ओलं हवं. दुसरं बाहेरून करपलं, आत कच्चं, आंच मोठी होती. तिसऱ्यापासून भोकांत थेंब थेंब तेल, झाकण, मंद आंच, तीन मिनिटं, मग उलटून दोन मिनिटं. आज दिवसभर भोकांचंच काम झालं.

दह्याचं मडकं धुऊन त्यात पाणी, शेजारी स्टीलचा पेला, खोलीत ३४ अंश. चार तासांनी पेला ३३, मडकं ३१, घरचा माठ २४. मडकं का हरलं? दह्याच्या स्निग्धाने त्याची छिद्रं बुजली असावीत, बाहेरून ओलं होतच नव्हतं. माठाची बाहेरची बाजू सतत दमट असते, तिथेच सगळं काम चालतं.

रविवार, १४ मे : एम्प्रेस गार्डन, तळण, हिशेब

एम्प्रेस गार्डनमध्ये ६.४५ ते ८.३०. मेमध्ये शहरात सगळ्यात गार वाटणारी जागा, जुन्या झाडांवर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेलींमुळे. फुलं पाहायला जानेवारीत जावं, मेमध्ये जमिनीवर पडलेलं गोळा करायला. सावरीचा कापूस, पर्जन्यवृक्षाच्या शेंगा, महोगनीची पंखवाली बी. ही बी गच्चीवरून सोडली तर गिरक्या घेत जाते. पंख अर्धा कापला की सरळ खाली. दहा बियांवर करून पाहिलं. घरी आणलेला सावरीचा कापूस पंख्याखाली उघडू नये, दोन खोल्या झाडाव्या लागल्या.

माप : ठिपक्याचा मध्य फुलीवरच. पट्टी लावायला जागा नाही.

पापड्या तळल्या, दहाच. तेल पुरेसं तापलेलं हवं, एक तुकडा टाकून लगेच वर आला पाहिजे. गार तेलात तळाशी बसतात आणि कडक होतात. फुलून जवळजवळ दुप्पट झाल्या. मीठ बरोबर. खाली लागल्याचा वास तळल्यावर जातो असं वाटलं होतं, जात नाही. उरलेल्या ३३ अजून एक दिवस उन्हात, मग डब्यात.

खर्च : प्लास्टिक ९०, ओळंबा ११०, परळ ५०, पायरी ६००, कैऱ्या ५०, गूळ ३५, साबुदाणा २५, मंडईतले २००, बस-रिक्षा ४७०, तिकिटं १३०, गडावर करवंदांसकट २९०. एकूण २०५०. त्यातले ३०० आंबलेल्या रसात. भाजणी घरची होती. वेळ वाया : काठीच्या मापात दोन दिवस, कुसळांत अर्धा तास, पापड्या उशिरा घातल्याने एक पूर्ण दिवसाचं ऊन.

बुधवार, १७ मे : पुरवणी

आंबापोळीचा दुसरा थर १३ ला, तिसरा १५ ला घातला होता. १४ ला ऊन असूनही घातला नाही, कारण दुसरा थर कडेला अजून चिकटत होता. आज सुरीने कड सोडवल्यावर अख्खी निघाली. मधोमध वाटीएवढा भाग थोडा मऊ आहे, तो आधी संपवायचा, बाकीचे पट्टे कापून तूप लावलेल्या डब्यात.

माप : १.३ सेंटिमीटर, फुलीच्या दक्षिणेला. रेघ पहिल्यांदाच पलीकडे गेली. पुठ्ठा आणि वीट गच्चीवरच ठेवली आहे. जुलैअखेरीस एखाद्या दुपारी ढग फाटले तर रेघ परत येताना सापडेल.